मंगळावर मानव पाठविण्याचे खाजगी प्रयत्न आणि प्रसारमाध्यमे : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. तेव्हापासून महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला वृत्तपत्रांची जुनी पाने चाळल्यावाचून गत्यंतर राहिलेले नाही. वृत्तपत्र हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. मात्र वृत्तपत्रात छापून आलेली प्रत्येक गोष्ट घडलेली असतेच असे नाही. अनेकदा ती केवळ जाहीर झालेली असते. घोषणा आणि घटना यांतील हा भेद दुर्लक्षित झाला की साधनच दिशाभूल करू लागते. 'मार्स वन' या खाजगी संस्थेच्या मंगळ योजनेला २०१२ ते २०१९ या काळात मिळालेली प्रसिद्धी हे याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या प्रसिद्धीची ऐतिहासिक साधनचिकित्सेच्या दृष्टीने तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

मंगळ आणि वृत्तपत्रे यांचे नाते जुने आहे. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेली यांना मंगळाच्या पृष्ठभागावर काही रेषा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होत होता. परंतु इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले. कालवे म्हटले की ते खोदणारा कोणीतरी आलाच. पुढे अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनी मंगळावर प्रगत संस्कृती असल्याचा सिद्धांत मांडला आणि वृत्तपत्रांनी तो घरोघरी पोहोचविला. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर ४' या यानाने जवळून छायाचित्रे पाठविली, तेव्हा कालव्यांऐवजी ओसाड विवरे दिसली. एका शब्दाच्या भाषांतरातून निर्माण झालेली समजूत अशी कित्येक दशके टिकून राहिली होती.

'मार्स वन'ची घोषणा :

नेदरलँड्समधील उद्योजक बास लान्सडॉर्प यांनी २०१२ मध्ये 'मार्स वन' योजना जाहीर केली. २०२३ मध्ये चार माणसे मंगळावर उतरतील, ती तेथेच कायमची राहतील व परत येणार नाहीत, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या चौघांसाठी सुमारे सहा अब्ज डॉलर खर्च अपेक्षित होता. हा पैसा मुख्यत्वे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाच्या हक्कांतून उभा राहील असे सांगण्यात आले. म्हणजेच या योजनेत प्रसारमाध्यमे केवळ साक्षीदार नव्हती. ती तिच्या अर्थकारणाचा कणा होती. प्रसिद्धी मिळाली तरच पैसा आणि पैसा मिळाला तरच यान, असा हा उलटा क्रम होता.

एप्रिल २०१३ मध्ये सशुल्क अर्ज मागविण्यात आले. त्याच वर्षी २,०२,५८६ अर्ज आल्याचे संस्थेने जाहीर केले व हा आकडा जगभर छापला गेला. त्यांपैकी सुमारे १० टक्के अर्ज भारतातून आल्याचेही सांगितले गेले. त्यातूनच 'मंगळावर जाण्यास वीस हजार भारतीय उत्सुक' अशा आशयाच्या बातम्या आपल्याकडे आल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये ५० पुरुष व ५० स्त्रिया अशा शंभर उमेदवारांची यादी प्रसिद्ध झाली. तीत तीन भारतीयांचा समावेश होता. या उमेदवारांच्या मुलाखती झाल्या, त्यांच्या कुटुंबीयांना प्रश्न विचारण्यात आले. यानाचा मात्र अद्याप आराखडाही पूर्ण झालेला नव्हता.

आकड्यांची चिकित्सा :

मार्च २०१५ मध्ये शंभरांच्या यादीतील एका आयरिश खगोलशास्त्रज्ञाने निवडीची पद्धत उघड केली. प्रत्यक्ष भेट न घेता संगणकावरील अवघ्या काही मिनिटांच्या संभाषणातून निवड झाल्याचे, तसेच मुलाखतींतून मिळणाऱ्या मानधनाचा मोठा भाग संस्थेला देण्याची अपेक्षा व्यक्त झाल्याचे त्याने सांगितले. अर्जदारांची खरी संख्या २,७६१ होती, असेही त्याचे म्हणणे होते. हा आकडा ग्राह्य धरला व दहा टक्क्यांचे प्रमाण कायम मानले, तर वीस हजार भारतीयांची संख्या पावणेतीनशेच्या आसपास येते. दोन्ही आकडे संबंधित पक्षांनीच सांगितलेले असल्याने अभ्यासकाने दोन्ही सावधपणे वापरावेत. परंतु पहिला आकडा स्वतंत्र पडताळणीशिवाय जगभर पसरला, ही बाब अधिक गंभीर आहे.

शास्त्रीय आक्षेपही वेळेवर आले होते. २०१४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या योजनेचे विश्लेषण केले. सर्व अन्न वसाहतीतच पिकविल्यास पिकांमुळे प्राणवायूचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढेल. तो बाहेर सोडताना नायट्रोजनही खर्ची पडेल आणि हवेचा दाब घटत जाऊन सुमारे ६८ व्या दिवशी पहिला रहिवासी गुदमरेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. हीही बातमी झाली. परंतु त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत निवड झालेल्या शंभर जणांचे कौतुक सुरू झाले. उतरण्याचे वर्ष २०२३ वरून २०२५, २०२७ व पुढे २०३२ असे सरकत गेले. अखेर १५ जानेवारी २०१९ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथील न्यायालयाने संस्थेच्या व्यावसायिक शाखेला दिवाळखोर घोषित केले. ही गोष्ट पुढील महिन्यात जगासमोर आली. उमेदवारांच्या निवडीला मिळालेली जागा या शेवटाच्या वाट्याला आली नाही.

मंगळयानाशी तुलना :

याच काळात, ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, भारताचे मंगळयान श्रीहरिकोट्याहून झेपावले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये होता. ज्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाने ते नेले, त्याच्या घडणीत विक्रोळी व वालचंदनगर येथील कारखान्यांचाही वाटा राहिलेला आहे. मानवरहित यान आणि मानवी वसाहत यांची सरसकट तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. तरीही एक फरक नोंदवावासा वाटतो. मंगळयानाबाबत 'गरीब देशाला हा खर्च परवडतो काय' हा प्रश्न वारंवार विचारला गेला. 'मार्स वन'च्या सहा अब्ज डॉलरांचा हिशेब मात्र सुरुवातीला फारशा आग्रहाने मागितला गेला नाही.

सर्वच खाजगी प्रयत्न एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. इलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील परिषदेत मंगळ वसाहतीचा आराखडा मांडला. पुढील वर्षी त्यांनी २०२४ मध्ये माणसे पाठविण्याचे उद्दिष्ट सांगितले. तेही वर्ष उलटून गेले. परंतु त्यांच्या कंपनीच्या 'स्टारशिप' प्रक्षेपकाचे पहिले पूर्ण उड्डाण २० एप्रिल २०२३ रोजी झाले व काही मिनिटांत तो नष्ट झाला, हे सर्वांनी पाहिले. येथे घोषणेबरोबर तपासता येईल असा पुरावा आहे, मग तो अपयशाचा का असेना.

समारोप :

कळंबसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत मंगळयान आणि 'मार्स वन' या दोन्ही गोष्टी बातमी म्हणूनच पोहोचल्या. त्या विद्यार्थ्याजवळ वेधशाळा नाही की प्रक्षेपण केंद्र नाही. आहे ते वृत्तपत्र आणि हातातील भ्रमणध्वनी. एक बातमी इतिहासात जमा झाली, दुसरी दिवाळखोरीच्या नोंदीत. वाचताना मात्र दोन्हींचा टाइप सारखाच होता. त्यांतील भेद ओळखण्यास शिकविणे हे केवळ विज्ञानाच्या प्राध्यापकांचे काम नाही. ही माहिती कोणी दिली, तिच्यापासून कोणाचा लाभ आहे, तिला स्वतंत्र आधार कोणता, आणि सांगितलेल्या वर्षी प्रत्यक्षात काय घडले, हे प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी बखरीला विचारतो. तेच प्रश्न त्याने आजच्या बातमीलाही विचारले पाहिजेत. मंगळावर अद्याप माणूस पोहोचलेला नाही. तो पोहोचेल तेव्हा ती बातमी खरी आहे हे ओळखण्यासाठीही याच सवयीची गरज लागणार आहे.