‘कलीलग व दम्नग’ : सिरियाकच्या प्राथमिक अभ्यासाचा एक उपयोग

शिवकालाच्या अभ्यासकास मोडीबरोबर फारसीहि आली पाहिजे, हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. प्राचीन हिंदुस्थानच्या अभ्यासकास मात्र अरमाइक व तिच्यांतूनच वाढलेली सिरियाक यांचें निदान तोंडओळखीपुरतें ज्ञान असावें, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप रुजलेली नाहीं. तक्षशिलेस १९१५ सालीं व कंदाहारास १९५८ सालीं सांपडलेल्या अशोककालीन अरमाइक लेखांवर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. येथें सिरियाकमधील एकच उदाहरण घेतों. तें पंचतंत्राचें आहे.

निसिबिसचा धर्माधिकारी अब्दीशो (मृत्यु इ. स. १३१८) यानें सिरियाक ग्रंथकारांची एक पद्यमय यादी रचली. तींत सहाव्या शतकांतील बूद याच्या नांवावर ‘कलीलग व दम्नग’ हा ग्रंथ असून तो त्यानें हिंदुस्थानच्या भाषेंतून उतरविला, असें म्हटलें आहे. ही नोंद खरी मानली तर बूदपुढें संस्कृत पोथी होती असें ठरतें, आणि मग त्याचें भाषांतर मूळ पंचतंत्राचा थेट साक्षीदार होतें. उलट तें पहलवीवरून केलेलें असेल, तर त्यांतील प्रत्येक फरक पहलवी भाषांतरकाराच्याहि पदरीं पडूं शकतो. खुश्रू नौशिरवान (इ. स. ५३१–५७९) याच्या काळीं बुर्झोयानें केलेलें तें पहलवी भाषांतर आज उपलब्ध नाहीं. यास्तव हा निर्णय महत्त्वाचा आहे.

बूदच्या ग्रंथाची पोथी १८७० च्या सुमारास मार्दिन येथें उजेडांत आली. बिकेल यानें ती १८७६ सालीं जर्मन भाषांतरासह छापली व बेन्फाय यानें तीस प्रस्तावना जोडली. पुढें १९११ सालीं शुल्टहेस यानें तिची नवी आवृत्ति काढली.

विद्यापीठांतील प्रारंभींचा अभ्यास असा असतो : उजवीकडून डावीकडे लिहिलीं जाणारीं बावीस अक्षरें, एस्त्रांगेला, सेर्तो व पूर्वेकडील अशीं तीन वळणें, त्रिवर्णी धातु, नामाच्या अंतीं येणारा ‘आ’, आणि वाचनास पेशित्ता बायबल. ज्यानें मोडीचीं निरनिराळीं वळणें लावलीं आहेत, त्यास लिपीचें भय नसावें. एवढ्या शिदोरीवर ग्रंथाचें नांव वाचावें. दोन्हीं नांवांच्या शेवटीं ‘गामल’ म्हणजे ‘ग’ आहे. संस्कृत नांवें करटक व दमनक. संस्कृतांतून थेट घेतलीं असतीं तर शेवटीं ‘क’ची अपेक्षा होती. पहलवींत मात्र स्वरापुढील ‘क’चा उच्चार ‘ग’ झाला होता. करटकांतील ‘र’च्या जागीं आलेला ‘ल’ हि तिकडेच बोट दाखवितो, कारण पहलवी लेखनांत या दोन ध्वनींस बहुधा एकच अक्षर वापरीत.

याची उलटतपासणीहि करतां येते. इब्न अल्-मुकफ्फा यानें आठव्या शतकांत त्याच पहलवी ग्रंथाचें अरबी भाषांतर केलें. त्या अरबीवरून पुढें दुसरें सिरियाक भाषांतर झालें. तें राइट यानें १८८४ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील नांवांस अरबी वळण असून शेवटचा ‘ग’ नाहीं. म्हणजे भाषा एक, कथा त्याच, तरी कोणती पोथी कोणत्या वाटेनें आली हें एका अक्षरावरून ओळखतां येतें.

अब्दीशोची यादी अमोल आहे. तिच्यावांचून बूदचें नांवहि आपणांस कळतें ना. परंतु यादीकारानें सांगितलेलें मूळ व पोथीनें दाखविलेलें मूळ यांत विरोध आला, तेव्हां पोथीचाच शब्द प्रमाण मानावा लागला. आपल्या दप्तरखान्यांतील याद्यांसहि हाच न्याय लागू आहे.

या अभ्यासासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. केरळांत सिरियाकची परंपरा शतकानुशतकें चालत आली आहे, व कोट्टयम येथें १९८५ सालीं स्थापन झालेल्या सेंट एफ्रेम संस्थेंत विद्यापीठाच्या मान्यतेनें एम. ए. पर्यंतचें अध्यापन झालें आहे. संस्कृत व मोडी जाणणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें तिकडे एक वर्ष खर्चिलें, तर पंचतंत्राच्या या साक्षीदाराची तपासणी जर्मन भाषांतराच्या मध्यस्थीवांचून मराठींत करतां येईल.