वाग्दान बऱ्हाणपूरचे, मेंदी आग्र्याची

विवाह हा संस्कार एका मुहूर्तावर होतो. परंतु त्याचा आरंभ त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. धर्मशास्त्रकारांनी पाणिग्रहणापूर्वी वाग्दान सांगितले. महाराष्ट्रात त्यालाच वाङ्‌निश्चय म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात साखरपुडा. दोन्ही घरची वडील माणसे समोरासमोर बसतात, सुपारी फुटते, मुलीच्या हाती साखरेचा पुडा येतो, आणि तेव्हापासून दोन कुळे शब्दाने बांधली जातात. मुसलमान समाजात हाच क्रम मंगनी, साचक आणि हिनाबंदी या नावांनी चालत आला आहे. मराठवाड्यातील मुसलमान घरांतून 'सांचक' हा शब्द आजही ऐकू येतो. मुळात तो तुर्की. मध्य आशियातून आलेल्या राजघराण्यांबरोबर तो हिंदुस्थानात आला आणि येथील मेंदीच्या व पानविड्याच्या चालीरीतींत मिसळून गेला.

या सर्व सोहळ्यांच्या मुळाशी शब्द आहे. मग शब्द देणारी व्यक्तीच विवाहापूर्वी काळाच्या पडद्याआड गेली, तर त्या शब्दाचे काय होते? मोगल इतिहासात या प्रश्नाचे एक हृद्य उत्तर सापडते. शाहजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शिकोह आणि नादिरा बानू यांच्या वाङ्‌निश्चयाची ही हकीकत आहे. तिचा आरंभ तापीच्या तीरावर होतो.

इ. स. १६३० साली शाहजहानने दक्षिणेच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूर येथे तळ दिला. खानजहान लोदी बंड करून निजामशाहीच्या आश्रयाला गेला होता. बादशहाबरोबर त्याचा सारा परिवार होता, आणि मुमताज महल तर मोहिमेतही त्याच्यापासून दूर राहत नसे. याच मुक्कामात तिने आपल्या दोन वडील मुलांच्या सोयरिकी मनाशी योजल्या. शुजासाठी इराणच्या सफवी घराण्यातील रुस्तुम मिर्झाची कन्या तिने पसंत केली, आणि दारासाठी नादिरा बानू.

नादिराची निवड ही साधी गोष्ट नव्हती. ती शाहजादा परवेजची मुलगी. परवेज हा जहांगीरचा मुलगा, म्हणजे शाहजहानचा सावत्र भाऊ. १६२२ साली शाहजहानने बापाविरुद्ध शस्त्र उपसले, तेव्हा त्याच्या पाठलागावर जी बादशाही फौज निघाली तिचे नाममात्र आधिपत्य याच परवेजकडे होते, आणि प्रत्यक्ष सूत्रे महाबतखानाच्या हाती होती. माळव्यापासून बंगालपर्यंत शाहजहानला बायकामुलांसह वणवण करावी लागली. अखेर तह झाला, तेव्हा दारा आणि औरंगजेब या दोन कोवळ्या मुलांना आजोबांच्या दरबारी ओलीस म्हणून पाठवावे लागले. ती ताटातूट मुमताजने सोसली होती. १६२६ साली परवेज मरण पावला. तोही बऱ्हाणपुरातच.

नादिराच्या आईकडूनही दक्षिणेशी असेच दुःखाचे नाते होते. तिची आई जहान बानू ही अकबराचा पुत्र मुराद याची मुलगी, आणि मुराद १५९९ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असतानाच वारला होता. नादिरा अशी दोन्ही बाजूंनी अकबराची पणती होती. पुतणीला सून करून घेण्यात मुमताजने कुळातील जुने वैर मिटविण्याचे काम केले, असे म्हणावयास हरकत नाही. जे रणांगणावर तुटले होते ते अंतःपुरात सांधले गेले.

परंतु तो काळ सोयरिकी जुळवण्याचा नव्हता. १६३० साली पावसाने दगा दिला आणि गुजरात, खानदेश व दख्खन या प्रदेशांवर भयंकर दुष्काळ कोसळला. तुकोबांच्या चरित्रात ज्या दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केल्याची परंपरा सांगते, तो याच सुमाराचा. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला होता. वाटेत त्याने ओस पडलेली गावे आणि रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते पाहिली आणि ती आपल्या रोजनिशीत नोंदली. दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरी यानेही हा हाहाकार लपविलेला नाही. बऱ्हाणपुरात बादशहाच्या हुकुमाने दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटले जात. वीस सोमवारांत असे १ लाख रुपये वाटले गेले, असे तो सांगतो.

अशा त्या अवकळेत १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याला जन्म देऊन मुमताज महल मरण पावली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शाहजादा शुजाच्या सोबतीने तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. बादशहाने शोक पाळला. रंगीत वस्त्रे, अत्तरे, गाणेबजावणे ही सर्व वर्ज्य झाली. तिने योजलेले विवाह साहजिकच मागे पडले.

राजकुळांतील सोयरिकी प्रसंगानुसार बदलतात. दाराचा वाङ्‌निश्चय मोडला असता तर कोणीही बोल लावला नसता. परवेज हयात नव्हता. त्याच्या विधवेच्या पाठीशी ना फौज होती, ना दरबारातील पक्ष. बादशहाच्या वडील मुलासाठी याहून लाभदायक स्थळे मिळाली असती. तथापि मुमताजने दिलेला शब्द तिच्या मागे राहिलेल्यांनी पाळला. तो तडीस नेण्याचे कार्य तिची वडील मुलगी जहानारा हिने शिरावर घेतले. त्या वेळी ती अवघ्या अठरा वर्षांची होती. आईच्या सुमारे १ कोटी रुपयांच्या मालमत्तेपैकी निम्मा भाग बादशहाने तिला दिला होता, आणि जनानखान्याची सारी जबाबदारी तिच्यावर आली होती.

बादशहा १६३२ च्या जून महिन्यात आग्र्याला परतला. नोव्हेंबरात साचक निघाले. साचक म्हणजे वरपक्षाकडून वधूच्या घरी विवाहापूर्वी जाणारी भेट. रोकड, जडजवाहीर, वस्त्रे असा १ लाख रुपयांचा ऐवज परवेजच्या विधवेकडे पोहोचविण्यात आला. पादशाहनाम्याच्या चित्रित प्रतीत या भेटींच्या पाठवणीचे एक चित्र आहे. ते बिशनदास या नामांकित चित्रकाराचे मानले जाते. ही प्रत पुढे अवधच्या नबाबाकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि विंडसरच्या राजसंग्रहात राहिली. ज्या घराशी एकेकाळी युद्ध झाले त्याच घराच्या दारात आता नजराण्याची तबके उतरत होती.

विवाहापूर्वी काही दिवस जहानाराने आग्र्याच्या किल्ल्यात विवाहाच्या सर्व वस्तू मांडून दाखविल्या. आपल्याकडे रुखवत मांडतात, त्याचीच ही राजवाड्यातील आवृत्ती. प्रथम बादशहाने आणि अंतःपुरातील स्त्रियांनी ते सारे पाहिले, नंतर सरदारांना ते पाहण्याची मुभा मिळाली. यांतील कित्येक वस्तू मुमताजने स्वतः जमविलेल्या होत्या. मुलीने मांडलेल्या त्या रुखवतात आईचा हात दिसत होता, आणि तो पाहताना बादशहाच्या मनात काय उलघाल झाली असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

त्यानंतर आली हिनाबंदीची रात्र. ही मेंदी वधूच्या घरून यावयाची, अशी रीत. ती तबकांतून वाजतगाजत किल्ल्यात आली. पडद्याआडून अंतःपुरातील स्त्रियांनी दाराच्या हातांना मेंदी लावली. जमलेल्या मंडळींना जरीचे कमरबंद, विडे आणि मिठाई वाटण्यात आली. मुमताजच्या मृत्यूनंतर मुके झालेल्या त्या महालात या विवाहाच्या निमित्ताने संगीताचे सूर पुन्हा उमटले. यमुनेच्या वाळवंटात दारूकाम झाले. पीटर मंडी तेव्हा आग्र्यातच होता. पोटात फटाके भरलेले कागदी हत्ती, हातात चक्रे फिरविणारे राक्षस, मनोरे, कृत्रिम वृक्ष अशा त्या आतषबाजीचे वर्णन त्याने केले आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या डोळ्यांनी दुष्काळातील प्रेते पाहिली, त्याच डोळ्यांनी ही रोषणाईही पाहिली.

१ फेब्रुवारी १६३३ रोजी निकाह झाला. बादशहाने स्वहस्ते मुलाच्या मस्तकी मोत्यांचा सेहरा बांधला. काजी महंमद अस्लम याने विधी केला आणि ५ लाख रुपयांचा मेहर ठरला. वर अठरा वर्षांचा होत आला होता, वधू त्याच्याहून तीनएक वर्षांनी लहान. या विवाहाला एकंदर ३२ लाख रुपये खर्च आला, आणि त्यातील निम्मे, म्हणजे १६ लाख, जहानाराने दिले.

या आकड्यांपाशी इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. बऱ्हाणपुरात वीस सोमवारांत भुकेल्यांना जेवढी रोकड वाटली गेली, तेवढ्याच रकमेचे साचक एका घरी गेले. आणि विवाहाचा एकूण खर्च त्याच्या बत्तीसपट होता. बादशहाने दुष्काळी मुलखात महसुलाची मोठी सूट दिली होती हे खरे. तरीही हे माप विसरता येत नाही. तापीकाठचा शेतकरी त्या वर्षी आपल्या मुलीचे लग्न कसे करीत होता, याची नोंद कोणत्याही पादशाहनाम्यात नाही. राजवाड्यातील मेंदीचा रंग वर्णन करताना त्या न लिहिलेल्या पानाचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

तथापि या विवाहाचे मोल खर्चावरून ठरवावयाचे नाही. ते ठरले पुढील सव्वीस वर्षांत. ज्या घराण्यात अनेक विवाह करणे हा शिरस्ता होता, तेथे दाराने नादिराच्या हयातीत दुसरा निकाह लावला नाही. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली, तेव्हा त्या शोकाने तो आजारी पडला. त्याच सुमारास लाहोरला मियां मीर या संताची आणि त्याची भेट झाली. १६४० नंतरच्या दशकात त्याने एक चित्रसंग्रह आपल्या हस्ताक्षरातील अर्पणासह नादिराला भेट दिला. त्या अर्पणात तिला जिवलग सखी म्हणून संबोधिले आहे. हा संग्रह लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जतन झाला आहे.

१६५८ साली सामूगढच्या लढाईत दाराचा पराभव झाला आणि त्याची भटकंती सुरू झाली. दिल्ली, लाहोर, सिंध, गुजरात, अजमेर आणि पुन्हा सिंध. नादिरा त्याच्याबरोबर होती. शाहजहानच्या बंडाच्या वेळी मुमताजने जे भोगले, तेच आता तिच्या सुनेच्या वाट्याला आले. १६५९ च्या जूनमध्ये बोलन खिंडीच्या वाटेवर आजाराने आणि श्रमाने तिचा अंत झाला. आपल्याला हिंदुस्थानच्या भूमीत मूठमाती मिळावी, ही तिची इच्छा होती. दाराजवळ थोडेच स्वार उरले होते. त्यांना त्याने तिच्या देहाबरोबर लाहोरला पाठविले आणि स्वतः जवळजवळ निःशस्त्र राहिला. मियां मीरच्या दर्ग्याजवळ तिला पुरण्यात आले. काही दिवसांतच मलिक जीवन या यजमानाने दाराला शत्रूच्या हवाली केले, आणि ऑगस्टअखेर दिल्लीत त्याचा वध झाला. राजकारणाच्या हिशेबाने तो शेवटचा निर्णय चुकीचाच; परंतु बऱ्हाणपूरला दिला गेलेला शब्द त्याने शेवटच्या मुक्कामापर्यंत पाळला.

या दांपत्याची जहानजेब बानू नावाची मुलगी मागे राहिली. तिला जहानाराने आपल्या मायेखाली वाढविले. शाहजहानच्या मृत्यूनंतर औरंगजेबाने थोरल्या बहिणीचा मान तिला परत दिला, आणि १६६९ च्या जानेवारीत जहानाराच्याच वाड्यात या पोरक्या मुलीचा विवाह झाला. वर होता औरंगजेबाचा मुलगा आजम, ज्याचा जन्म १६५३ साली बऱ्हाणपुरात झाला होता.

ज्याने बापाला मारविले त्याच्याच मुलाशी ही सोयरीक झाली. तिच्यात न्याय किती आणि नाइलाज किती, हे इतिहासाने ठरवावे. परंतु छत्तीस वर्षांपूर्वी आईचा शब्द पुरा करण्यासाठी जिने नादिराचे रुखवत मांडले होते, तिनेच आता नादिराच्या मुलीची पाठवणी केली. स्वतः जहानारा आजन्म अविवाहित राहिली. तिच्या हाताला वधूची मेंदी कधी लागली नाही; मात्र दोन पिढ्यांच्या विवाहांचा भार त्याच हातांनी वाहिला.