कऱ्हाकाठचा अर्धा र

मोरगाव म्हटले की मयूरेश्वर आठवतो आणि त्यापाठोपाठ कऱ्हा. पुरंदरच्या डोंगरांत उगम पावून मोरगाव, बारामतीवरून नीरेला मिळणाऱ्या या नदीचे नाव आचार्य अत्रे यांच्या आत्मचरित्रामुळे मराठी वाङ्मयातही स्थिरावले. या नावातील पापणीसारखा अर्धा र हिंदीला वा संस्कृतला लागत नाही. मराठीला मात्र त्यावाचून चालत नाही. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील अंतर तोच राखतो. मोरगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाविषयी एचटीएमएलचे साधे पान रचायला घेतले, तर हे नाव त्यात शुद्ध उमटावे यामागे मोठा इतिहास उभा आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असा आहे.

टॅग ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मोडी लेखनात शब्द तोडण्याची रीत नव्हती आणि विरामचिन्हेही नव्हती. वाक्य कोठे संपले हे वाचणाराने ओळखावयाचे असे. एकोणिसाव्या शतकात मराठी गद्यात विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. विरामचिन्ह म्हणजे वाचकाला दिलेली सूचना; टॅग म्हणजे यंत्राला दिलेली सूचना. 'एच-वन' सांगतो, हे मुख्य शीर्षक. 'पी' सांगतो, हा परिच्छेद. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे त्या टॅगचे विशेषण. 'आयएमजी' टॅगने चित्र येते, ते कोठून आणावयाचे हे 'एसआरसी' सांगतो आणि चित्र न दिसणाऱ्याला त्याचे शब्दरूप 'ऑल्ट' पुरवितो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जाहीर केलेल्या पहिल्या यादीत अवघे अठरा टॅग होते. त्यांतील बरेचसे जुन्या मुद्रणव्यवहारातून आलेले होते. खरा नवा होता तो एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे नेणारा 'ए'.

१९९५ हे वर्ष आपल्या दृष्टीने विलक्षण ठरले. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट जनतेसाठी खुले केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एचटीएमएलची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा अक्षरसंच मात्र पश्चिम युरोपीय भाषांपुरता होता. दार उघडले, पण उंबरठ्यावर देवनागरीला जागा नव्हती. मग एक युक्ती निघाली. 'फॉन्ट' टॅगच्या 'फेस' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये विशिष्ट मराठी फॉन्टचे नाव द्यावयाचे आणि रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार चढवावयाचे. पडद्यावर 'कऱ्हा' दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन मालिका असे. तो फॉन्ट नसेल तर वाचकाच्या हाती ती मालिकाच येई. प्रत्येक फॉन्टची मांडणीही निराळी. अशा पानांवर मराठी दिसत होती. ती लिहिलेली मात्र नव्हती. त्या काळातील कितीतरी मजकूर म्हणूनच आज शोधताही येत नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने दिशा बदलली. तिने जगातील लिप्यांना सामावणारा अक्षरसंच स्वीकारला, मजकुराची भाषा सांगणारे 'लँग' हे अ‍ॅट्रिब्यूट दिले आणि 'फॉन्ट' टॅग टाळण्यास सुचविले. संगणकांवर युनिकोड देवनागरी रुळू लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज पानाच्या शिरोभागी 'मेटा' टॅगमध्ये 'यूटीएफ-८' एवढे लिहिले की काम भागते.

तरीही अर्ध्या रची गोष्ट येथे संपत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही 'कऱ्हा' सारखेच. यंत्राला ते दोन भिन्न शब्द. शोधयंत्रणेने ही दोन रूपे एक मानली नाहीत, तर एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातील नदी सापडणार नाही. 'लँग'चेही तसेच. त्याचे मूल्य 'एमआर' दिले, तर अंधांसाठी मजकूर वाचणाऱ्या प्रणालीला मराठी आवाज निवडता येतो आणि सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाने उमटतात. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. पानावर तो आग्रह पाळावयाचा तर ही दोन रोमन अक्षरे विसरून चालत नाहीत.

पाठचिकित्सा शिकविताना आपण हस्तलिखितांतील पाठभेद विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. लेखनिकाने एक काना गाळला तर अर्थ कसा पालटतो, हे दाखवितो. टॅग आणि अक्षरसंकेत हा त्याच विद्येचा आजचा धडा आहे. तो संगणक विभागाकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. कारण 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद कळणारा माणूस मराठीच्या वर्गात बसलेला असतो. पान रचणाराला तो भेद ठाऊक नसेल, तर चूक कोणाच्या नजरेसही येणार नाही.