ह्यूम पाईपवाल्यांची बंदूक

मराठवाड्यात मंठ्याहून वाटूर फाट्याकडे निघालं की ओढे-नाले रस्त्याखालून सिमेंटच्या गोल नळ्यांमधून वाहतात. आपल्याकडे अशा पुलाला नळकांडी पूल म्हणतात, आणि त्या नळीला ह्यूम पाईप. गुत्तेदार, सरपंच, बैलगाडीवाला, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द असतो. ह्यूम हे माणसाचं नाव आहे. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसाने १९१० मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीटची नळी ओतायची रीत शोधली. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीला दाबून बसतं आणि नळी घट्ट होते. भारतात ही नळी घरोघरी नाही तरी गावोगावी पोहोचवली ती इंडियन ह्यूम पाईप कंपनीने. त्याच कंपनीने छर्ऱ्याची बंदूकही बनवली. हे मला कळलं ते एका जुन्या बंदुकीच्या लोखंडावरचं तेलकट काळं पुसलं, खाली 'आयएचपी' ही तीन अक्षरं दिसली, तेव्हा.

ती बंदूक मी जत्रेतल्या फुगेवाल्याकडून घेतली. दस्ता चापामागच्या मनगटाशी तुटलेला होता, त्यावर आधी तार, तारेवर सुतळी आणि सुतळीवर वायरमनची काळी टेप. फुगेवाल्याने नवी घेतली होती आणि ही पोत्याखाली पडून होती. घरच्यांना हा भंगाराचा सौदा वाटला. मला मात्र त्या तीन अक्षरांमागची संस्था दिसत होती.

२० जुलै १९२६ ही या कंपनीची स्थापनेची तारीख. संस्थापक वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी ठेकेदारीला सुरुवात केली. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, कुर्ल्याची प्रीमियर मोटार, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही १९२६ चीच. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावची गोळी आठवते ना? तीही याच घराण्याने काढलेली. जत्रेत एका हातात रावळगावची गोळी आणि दुसऱ्या हातात फुगे फोडायची बंदूक धरलेल्या पोराला ठाऊक नसायचं, पण दोन्ही एकाच घरातून आलेल्या असू शकत होत्या. मराठी मुलखातल्या उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जहाज आणि विमान यांना पानंच्या पानं दिली. ती द्यायलाच हवीत. पण ज्या वस्तू गरिबाच्या हाताला लागल्या, त्यांनाही एखादं पान मिळायला हवं.

पाईप, रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर, धरणांसाठी पोलादी पेनस्टॉक म्हणजे पाण्याच्या जाड नळ्या, आणि एअर रायफल अशी या कंपनीच्या उत्पादनांची यादी. एअर रायफल, म्हणजेच छर्ऱ्याची बंदूक, त्यात परकी वाटते खरी. पण बंदूक खोलून बघा. तीही नळीचंच काम आहे. एक जाड नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्यामागे स्प्रिंग. पुढची बारीक नळी मोडून खाली ओढली की दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि खटका अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, हवा क्षणात दाबली जाते आणि तापते, तिच्या जोरावर छर्रा सुटतो. दारू नाही, धूर नाही.

या विद्येत इंग्लंड-जर्मनीचं नाव मोठं. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजने १९०४ मध्ये पेटंट घेतलं आणि त्यावरून बीएसए कंपनीने बंदुका काढल्या. जर्मनीत रास्टाटची डायना होती. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रं आणि नावही स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेलं, म्हणून जर्मन कारखाना पुढे कित्येक वर्षं 'ओरिजिनल' या नावाने स्वतःचा माल विकत होता. १९८४ मध्ये त्याने आपलं नाव परत मिळवलं. जुन्या बंदुका जमवणाऱ्याने एवढं माहीत ठेवावं, नाहीतर स्कॉटलंडची डायना जर्मन म्हणून गळ्यात पडते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. परदेशी बंदुका जुन्या वाड्यांतून भिंतीवर लटकत राहिल्या, स्प्रिंग मोडली की कायमच्या मुक्या झाल्या. अशा काळात देशात बनलेल्या, देशातच दुरुस्त होणाऱ्या बंदुकीचं मोल मोठं होतं. आयएचपीचं मोल मी त्यात मोजतो.

आता दस्त्याविषयी. स्प्रिंगची बंदूक दोनदा हादरते, हे तिचं वेगळेपण. दट्ट्या पुढे निघाला की बंदूक मागे ढकलली जाते, आणि दट्ट्या टोकाला आपटला की पुढे झटका खाते. हा उलटसुलट मार सगळा लाकडावर येतो. म्हणून दस्ता तडकतो तो ठरलेल्या दोन जागी, पुढच्या स्क्रूंच्या भोकांशी आणि चापामागे जिथे लाकूड बारीक होतं त्या मनगटाशी. छर्रा न घालता रिकामा बार काढला तर आणखी वाईट, कारण दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही. जत्रेतल्या बंदुकीने असे किती रिकामे बार सोसले असतील!

परदेशात दस्त्याला अक्रोड किंवा बीच वापरतात. आमच्या सुताराला मी शिसव विचारलं. तो म्हणाला, "बाभळीचं करू की. औताला चालतंय, गाडीच्या चाकाला चालतंय, हिला का चालायचं नाही?" मला त्याचं पटलं. बाभूळ धक्का खाणारं लाकूड आहे, मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ते सांगावं लागत नाही. दोन उन्हाळे सावलीत वाळलेला तुकडा त्याच्याकडे होता. रेषा मनगटातून सरळ जातील असा त्याने तो आखला. रेषा तिथे आडवी गेली तर दस्ता पुन्हा तिथेच मोडतो.

खरी परीक्षा लोखंड लाकडात बसवायची होती. लोखंडाला काजळ फासायचं, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाब. चार संध्याकाळी आम्ही एवढंच केलं. शेवटी डाग सगळीकडे सारखा उमटला, तेव्हा सुतार काही बोलला नाही, फक्त बंदूक माझ्या हातात दिली. वरून जवसाचं तेल. आपल्या भागात जवस पिकतं, त्याची चटणी रोज ताटात असते. तेच तेल पातळ हाताने चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. घाई केली की दस्ता चिकट राहतो. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

दट्ट्याचा चामड्याचा वायसर तेलात भिजवून मऊ केला आणि जुनाच ठेवला. स्प्रिंग वाकली होती, ती बदलली. नळीचा रंग घासून नवा केला नाही. जिथे पोरांच्या हातांनी तो उडाला आहे, तिथे तो उडालेलाच राहू दे. वस्तू चालती करावी, तिचं वय पुसू नये, असं माझं मत आहे.

कायद्याचंही सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येते. पण परवाना लागत नाही म्हणून पाखरं मारायची मुभा मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी पाखरांसाठी आपल्या एअरगन सरकारजमा कराव्यात अशी मोहीम सुरू झाली. ज्यांनी बंदुका जमा केल्या, त्यांना मी मानतो. बंदूक जमवणाऱ्याने तर पाखरांची राखण इतरांपेक्षा जास्त करायला हवी. ज्वारीवरची पाखरं उठवायला गोफण पुरेशी आहे. बंदुकीसमोर कागदाचं निशाण असावं, मागे मातीचा ढीग असावा, आणि भरलेली बंदूक कधी ठेवून उठू नये.

नेमबाजीच्या स्पर्धेतून स्प्रिंगची बंदूक आता गेली. साठच्या दशकात फाइनवेर्कबाऊसारख्या जर्मन कारखान्यांनी धक्का जवळजवळ नाहीसा केलेल्या स्प्रिंग रायफली काढल्या आणि त्या वर्षानुवर्षं गाजल्या. नंतर दाबलेल्या हवेच्या सिलिंडरने त्यांची जागा घेतली. अंजली भागवत, २००४ मध्ये ४०० पैकी ४०० करणाऱ्या सुमा शिरूर, २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, यांचं १० मीटर एअर रायफलमधलं यश महाराष्ट्राच्या अभिमानाचं आहे. पण खेड्यातल्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा श्वास रोखून माशी निशाणावर धरली, ती जत्रेतल्या फुग्यांसमोर, स्प्रिंगच्या बंदुकीने. ती बंदूक या खेळाच्या वाटचालीत मोजली पाहिजे.

२० जुलै २०२६ ला इंडियन ह्यूम पाईप कंपनीला शंभर वर्षं पूर्ण होतात. पाईपांची मोजदाद होईल, ती व्हावी. बंदुकांची मोजदाद मात्र आपल्याच घरांतून करावी लागेल. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोठीत, एखाद्या फुगेवाल्याच्या पोत्याखाली आयएचपी पडलेली असेल, तर तिच्यावरची अक्षरं आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवा, घरात कधी आली ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. आणि नवा दस्ता केलात तरी जुना चुलीत घालू नका. माझा तुटका दस्ता, तार आणि सुतळीसकट, बंदुकीशेजारीच ठेवला आहे.