मिरची एक, चुली अनेक

परदेशी पदार्थांच्या कृती वाचून ते घरी करून पाहण्याची हौस आता शहरांतील अनेक घरांत दिसते. मात्र साहित्याच्या यादीत ‘हिरव्या मिरच्या : पाव किलो’ असे वाचल्यावर भलेभले थबकतात. भूतानच्या ‘एमा दात्शी’ची कृती अशीच असते. तिथे मिरची भाजी म्हणून शिजवली जाते. आपण त्याच मापाने लवंगी मिरची घातली, तर पहिल्याच घासाला घरातील सर्वांच्या डोळ्यांत पाणी उभे राहील. उलट, थायी चटणीत लवंगीऐवजी भावनगरी मिरची वापरली, तर ती मिळमिळीत होईल. तात्पर्य, कृतीतील मिरच्यांच्या संख्येला वा वजनाला स्वतंत्र अर्थ नसतो. मिरची कोणती आणि तिच्यावर कोणता संस्कार करायचा, यावर पदार्थ साधतो किंवा बिघडतो.

मूळ अमेरिकेत

मिरची आपल्या स्वयंपाकात इतकी मुरली आहे, की ती परकी होती यावर विश्वास बसत नाही. ती मूळची अमेरिका खंडातील. मेक्सिकोत तिची लागवड हजारो वर्षांपासून होत आली आहे. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोहोचल्यानंतर ती युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मुख्यतः मिरी, पिंपळी आणि आले वापरले जात असे.

तिखटपणा राहतो कुठे?

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, हा समज रूढ असला तरी बरोबर नाही. ‘कॅप्सेसिन’ हे तिखट द्रव्य बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या शिरांत सर्वाधिक असते. त्यांच्या सान्निध्यामुळे बियाही तिखट लागतात. म्हणून तिखटपणा कमी करायचा असेल, तर नुसत्या बिया झटकून भागत नाही. शिराही खरवडून काढाव्या लागतात.

तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. त्या मापाने ढोबळी मिरचीचे मूल्य शून्य, मेक्सिकोच्या हालापेन्यो मिरचीचे सुमारे अडीच ते आठ हजार, तर हाबानेरोचे एक लाखाच्या वर जाते. तिखट ही खरे तर चव नव्हे, तर दाहाची संवेदना आहे. उष्णता आणि कॅप्सेसिन या दोहोंना प्रतिसाद देणारा शरीरातील ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोंड ‘भाजले’ असे आपण म्हणतो, ते शास्त्रालाही धरूनच आहे.

भाजणे आणि कुटणे

मेक्सिकोतील घरांत पोब्लानो ही मोठी, सौम्य मिरची थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजतात. मग ती झाकून ठेवतात. आतल्या वाफेने साल सुटते. सोललेल्या मिरचीच्या लांब पट्ट्या कांद्यावर परतून त्यांत साय घातली, की ‘राहास कॉन क्रेमा’ तयार होते. भाजल्याने मिरचीचा कच्चा, हिरवट वास जातो आणि तिला धुराचा गोडसर स्वाद येतो. वांग्याचे भरीत करणाऱ्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

उत्तर थायलंडमधील ‘नाम फ्रिक नूम’ तर आपल्या ठेच्याची सख्खी बहीण शोभेल. लांब हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून खलबत्त्यात कुटतात आणि चिकट भाताबरोबर खातात. येमेनमधील ‘झूग’मध्ये हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, जिरे आणि वेलदोडा एकत्र वाटतात. वेलदोड्याचा सुगंध वगळला, तर ती आपल्या हिरव्या चटणीच्या जवळ जाते.

मिरची हीच भाजी

भूतानी भाषेत ‘एमा’ म्हणजे मिरची आणि ‘दात्शी’ म्हणजे चीज. उभ्या चिरलेल्या मिरच्या, कांदा, लसूण आणि लोणी थोड्या पाण्यात शिजवून शेवटी चीज विरघळवतात. सोबत तांबड्या तांदळाचा भात असतो. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत मात्र विरघळते. त्यामुळे चीज इथे दाहाला आवर घालते. जीभ पोळल्यावर पाण्यापेक्षा दूध वा दही उपयोगी पडते, त्याचेही हे एक कारण आहे.

पेरूमधील आरेकिपा शहराचा ‘रोकोतो रेयेनो’ म्हणजे भरली मिरचीच. रोकोतो दिसायला लहान ढोबळी मिरचीसारखी, पण चांगलीच तिखट असते. तिच्या शिरा व काळ्या बिया काढून ती पाण्यात उकळतात, ते पाणी टाकून देतात आणि मग खिमा व चीज भरून ती भट्टीत भाजतात.

स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्या ऑलिव्ह तेलात अख्ख्या तळून वर जाडे मीठ भुरभुरतात. बहुतेक मिरच्या सौम्य असतात, एखादीच झणका देते. ती कोणाच्या वाट्याला येईल, यातच खाणाऱ्यांची गंमत असते. चीनच्या सिचुआन प्रांतात मिरच्या कोरड्या कढईत दाबून सालीवर डाग पडेपर्यंत परततात आणि सोया सॉस, व्हिनेगर व साखर घालतात. त्या डागांवरून या पदार्थाला वाघाच्या कातडीचे नाव पडले आहे.

आपल्या मंडईतून

या जाती आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण पर्याय आहेत. पोब्लानो, पाद्रोन किंवा भूतानी मिरचीच्या जागी भावनगरी चालते. थायी छोट्या मिरचीसाठी लवंगी घ्यावी. रोकोतोसाठी लहान ढोबळी घेऊन सारणात हिरवी मिरची वाढवावी. एमा दात्शीत घरचे पनीर आणि प्रोसेस्ड चीज निम्मे-निम्मे घेतले तरी जमते.

एकाच झाडाच्या मिरच्याही सारख्या तिखट नसतात. म्हणून मिरची घालण्यापूर्वी लहानसा तुकडा चाखून पाहावा. अख्खी मिरची तळताना तिला चीर द्यावी, नाहीतर ती फुटून तेल उडते. चिरण्यापूर्वी बोटांना तेलाचा हात लावावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत; नुसत्या पाण्याने जळजळ जात नाही.

इतके पथ्य पाळले, तर ‘पाव किलो मिरच्या’ वाचून थबकण्याचे कारण उरणार नाही. कोणत्या मिरच्या, एवढेच आधी विचारावे.