नीत्शे नावाची माणसं किती? एका दुर्मीळ जर्मन आडनावाची गोष्ट

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मागच्या महिन्यात ग्रंथालयाच्या संगणकावर मी जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे याच्यावरची मराठी पुस्तकं शोधत होते. 'नीत्शे' टाकलं, दोन-तीन नावं आली. सहज 'नित्शे' टाकून पाहिलं, तर वेगळीच यादी. 'नीत्चे' टाकलं, तर आणखी एक पुस्तक निघालं. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघं जण! आधी हसू आलं. मग या आडनावाबद्दल वाचायला लागले आणि कळलं की खुद्द जर्मनीतही हेच झालंय. फक्त तिथला घोळ काही शतकं चालला.

मी मूळची विज्ञानाची. इतिहास हा माझा विषय नाही. पण 'मोजायचं कसं' आणि 'पुरावा कशाला म्हणायचं' हे दोन प्रश्न प्रयोगशाळेतही तेच असतात आणि आडनावांच्या अभ्यासातही. म्हणून आज हे एकच आडनाव घेऊ.

नाव आलं कुठून?

जर्मन आडनावांचे अभ्यासक ढोबळमानानं पाच गट करतात: बापाच्या किंवा पूर्वजाच्या नावावरून आलेली, मूळ गावावरून आलेली, राहत्या जागेवरून आलेली, धंद्यावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव धंद्यावरून आलंय; म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. गिरणी गावोगाव होती, त्यामुळे म्युलरही गावोगाव झाले. आपल्याकडच्या कुलकर्ण्यांसारखंच. दोन कुलकर्णी भेटले म्हणून ते नातेवाईक असतीलच असं नाही.

नीत्शे हे पहिल्या गटातलं आडनाव. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ 'निकोलाउस' या नावात शोधतात. संत निकोलस हा व्यापाऱ्यांचा आणि खलाशांचा लाडका संत, त्यामुळे मध्ययुगात पोराचं नाव निकोलाउस ठेवणं अगदी सर्रास होतं. आता एवढं लांब नाव रोज कोण घेणार? त्याची लाडकी, आखूड रूपं झाली: क्लाउस, क्लोझं, निकेल, नित्श.

यातला 'निकेल' शब्द तुम्ही आवर्त सारणीत पाहिलाय. सॅक्सनीच्या खाणीत तांब्यासारखं दिसणारं, पण तांबं न देणारं एक खनिज सापडायचं. खाणकामगार म्हणायचे, यात निकेल नावाचं भूत बसलंय. स्वीडनच्या क्रोन्स्टेट यांनी १७५१ साली त्या जातीच्या खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि त्या भुताचं नाव धातूला चिकटलं. म्हणजे निकेल धातू आणि नीत्शे हे आडनाव, दोन्ही एकाच निकोलाउसची नातवंडं!

पण 'नित्श'मधला तो 'श' कुठला? इथं भूगोल येतो. सॅक्सनी, लाउझिट्स आणि सायलेशिया या पूर्वेकडच्या प्रदेशांत स्लाव भाषा बोलणारे लोक राहत होते. साधारण बाराव्या-तेराव्या शतकात पश्चिमेकडून जर्मन शेतकरी आणि कारागीर तिथं मोठ्या संख्येनं वसले. दोन भाषा शेजारी नांदल्या. लाउझिट्समध्ये सॉर्ब ही स्लाव भाषा आजही बोलली जाते. स्लाव भाषांत नाव लाडकं करायला श, च असे प्रत्यय लागतात. ते जर्मन नावांनाही लागायला लागले. फ्रीडरिशचं फ्रित्स झालं आणि फ्रित्सचं फ्रित्शे. तसंच निकोलाउसचं नित्शे. म्हणजे नाव ख्रिस्ती संताचं, बोलणारे जर्मन आणि शेपूट स्लाव. ही तिहेरी वीण डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

किती लोक? आधी मोजायचं काय ते ठरवा

रोमन लिपीत तत्त्वज्ञाचं आडनाव नऊ अक्षरांचं आहे: एन, आय, ई, टी, झेड, एस, सी, एच, ई. मधली पाच व्यंजनं ओळीनं! यातली एक 'ई' काढली की आठ अक्षरांचं आडनाव होतं. त्यातलं 'झेड'ही काढलं की सात अक्षरांचं. शिवाय 'के' घुसवून झालेलं नित्श्के आहेच. कानाला फरक फार थोडा: नऊ अक्षरांत 'नी' दीर्घ, बाकीच्यांत ऱ्हस्व.

आता गंमत पाहा. सात अक्षरी आणि आठ अक्षरी रूपं जर्मनीत चांगली परिचित आहेत. त्यांच्या तुलनेत नऊ अक्षरी नीत्शे अगदी थोडे. मग हे आडनाव दुर्मीळ आहे की नाही? उत्तर तुम्ही एकक काय धरता त्यावर अवलंबून आहे. 'लिहिलेलं रूप' हे एकक धरलं तर नीत्शे दुर्मीळ. 'निकोलाउसपासून श-प्रत्ययानं झालेलं नाव' हे एकक धरलं तर मुळीच दुर्मीळ नाही. माणसं तीच, आकडा वेगळा.

ही वेगवेगळी रूपं झाली कशी? जुन्या काळी सामान्य माणूस आपलं आडनाव लिहीत नव्हता. त्याच्यासाठी पाद्री किंवा कारकून लिहायचा. बाप्तिस्म्याच्या वहीत एक स्पेलिंग, लग्नाच्या वहीत दुसरं, दफनाच्या वहीत तिसरं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. स्पेलिंग पक्कं गोठलं ते सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आल्यावर. प्रशियात ती १८७४ साली सुरू झाली आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून. त्यानंतर कारकुनानं जे लिहिलं तेच नाव. म्हणजे आज आपण ज्याला 'दुर्मीळ आडनाव' म्हणतो, ते कधी कधी एका पाद्र्याची लिहायची सवय असते.

मोजणीची साधनंही तपासून घ्या. 'जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह' हा सात खंडांचा मोठा प्रकल्प कोनराड कुन्झं आणि डामारिस न्यूब्लिंग यांच्या संपादनाखाली २००९ ते २०१८ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा आधार म्हणजे २००५ सालच्या लँडलाईन फोनच्या नोंदी. एक फोन म्हणजे एक घर, एक माणूस नव्हे. त्यामुळे फोनच्या संख्येला थेट लोकसंख्या समजलात तर आकडा कमी येणार. पण मग २००५ च का? कारण त्यानंतर मोबाईलमुळे लँडलाईनच कमी होत गेल्या. नमुना नेहमी कुठल्या तरी काळाचा असतो, हे विसरू नका.

अजून एक सापळा. १९४५ नंतर सायलेशिया पोलंडकडे गेला आणि तिथल्या जर्मनांना घरदार सोडावं लागलं. ते सगळ्या जर्मनीभर विखुरले. त्यामुळे २००५ च्या नकाशावर एखादं सायलेशियन आडनाव पार पश्चिमेला दिसलं, तर ते मूळचं तिथलं असं म्हणता येत नाही. यावर उपाय जुन्या माहितीचा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, जखमी आणि बेपत्ता जर्मन सैनिकांच्या छापील याद्या आहेत. हौशी वंशावळ-संशोधकांनी त्यातल्या ८० लाखांहून जास्त नोंदी संगणकावर चढवल्या, तेही फुकट, घरी बसून. त्यात बऱ्याच ठिकाणी सैनिकाचं गाव दिलेलं असतं. म्हणून विस्थापनाच्या आधीचा नकाशा काढता येतो.

आडनावं मरतात कशी?

दुर्मीळ होण्याची दुसरी वाट म्हणजे वंश संपणं. इथं माझा विषय येतो, म्हणून जरा रेंगाळते.

१८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी एक कोडं छापलं. खानदानी घराण्यांची आडनावं नष्ट होत होती आणि लोक म्हणत होते की या घराण्यांचं रक्तच कमकुवत झालंय. गॉल्टन यांचा प्रश्न साधा होता: हे नुसत्या योगायोगानं होऊ शकतं का?

गणित करून पाहू. समजा, आडनाव फक्त मुलग्याकडून पुढं जातं. प्रत्येक पुरुषाला मुलगा न होण्याची शक्यता पाव, एक मुलगा होण्याची अर्धी आणि दोन होण्याची पाव. सरासरी बरोबर एक, म्हणजे एकूण लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. अशा १०० पुरुषांपासून १०० आडनावं सुरू करा. पहिल्याच पिढीत सुमारे २५ संपतात. नातवांपर्यंत ३९. पणतवंडांपर्यंत ४८. आणि दहाव्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण तीनशे वर्षांत, सुमारे ७४. रक्तात काही बिघाड नाही, साथ नाही, युद्ध नाही. निव्वळ योगायोग! उरलेली २६ आडनावं मात्र फोफावलेली असतात, कारण माणसं तेवढीच आहेत.

गॉल्टन यांच्या कोड्याला हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञानं उत्तर दिलं. त्याची पद्धत बरोबर होती, पण निष्कर्ष चुकला. सरासरी एकापेक्षा जास्त असली तरी प्रत्येक आडनाव शेवटी मरणारच, असं त्यानं म्हटलं. त्याच्या समीकरणाला दोन उत्तरं होती आणि त्याला एकच दिसलं. डेन्मार्कच्या स्टेफेन्सन यांनी १९३० साली पूर्ण उत्तर मांडलं: सरासरी एकापेक्षा जास्त असेल तर काही आडनावं टिकतात.

तत्त्वज्ञाच्या घरीच पाहा. वडील १८४९ साली गेले. धाकटा भाऊ त्यानंतर काही महिन्यांतच, जेमतेम दोन वर्षांचा असताना गेला. फ्रीडरिशनं लग्न केलं नाही आणि १९०० साली तो वारला. बहीण एलिझाबेथनं नवऱ्याच्या आडनावाला माहेरचं जोडून 'फ्योर्स्टर-नीत्शे' असं नाव लावलं, पण तिलाही मूलबाळ नव्हतं. ती शाखा संपली. इतर नीत्शे मात्र राहिले.

'मी मूळचा पोलिश'

आता त्या तिहेरी विणीकडे परत येऊ. नीत्शे स्वतः ठासून सांगायचा की आपण मूळचे पोलिश सरदार, घराण्याचं खरं नाव 'निएत्स्की', आणि धर्मासाठी पूर्वजांना देश सोडावा लागला. एप्रिल १८८८ मध्ये डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस यांना लिहिलेल्या पत्रातही त्यानं हे सांगितलं, वर परदेशात लोक मला पोलिशच समजतात असंही जोडलं. ही कथा त्यानं लहानपणी घरातच ऐकली होती. आणि बिस्मार्कच्या काळातल्या जर्मन राष्ट्रवादाची त्याला चीड होती, म्हणून ती त्याला आवडतही असणार.

पुढं त्याचा नातेवाईक माक्स ओहलर यानं वंशावळ तपासली. सोळाव्या शतकापर्यंत मागं गेल्यावर दोनशेहून जास्त पूर्वज सापडले. नावं सगळी जर्मन. सरदार एकही नाही. खाटीक, सुतार असे छोटे धंदेवाले आणि नंतरच्या पिढ्यांत पाद्री.

पण थांबा, एवढ्यावर टाळी देऊ नका. ओहलरचं काम १९३० च्या दशकातलं, हिटलरच्या राजवटीतलं आहे. नीत्शेला 'शुद्ध जर्मन' ठरवणं तेव्हा सत्तेला हवंच होतं. मग त्याचा निष्कर्ष फेकून द्यायचा का? नाही. त्याचा हेतू आणि त्याचा पुरावा वेगळे तोलायचे. चर्चच्या नोंदवह्या त्यानं लिहिलेल्या नाहीत. त्या दुसरा कुणीही उघडून पाहू शकतो. नीत्शेच्या दाव्याकडे मात्र दाखवायला एकही कागद नव्हता, फक्त दोन नावांचं ध्वनिसाम्य होतं.

आणि ते ध्वनिसाम्य खोटं नव्हतं, हेच यातलं खरं शिकण्यासारखं. त्याच्या आडनावात स्लाव भाषेचा अंश आहेच. तो 'श' तिकडूनच आलाय. चूक झाली ती पुढच्या उडीत. भाषा शेजाऱ्याकडून येते, रक्ताचं नातं लागत नाही. आडनाव ते बोलणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा इतिहास सांगतं. घराण्याचा इतिहास हवा असेल तर एकेक पिढी, एकेक कागद मागं जावं लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि उलट बाजूही तितकीच खरी: पूर्वजांची नावं जर्मन आहेत म्हणून त्यांच्यात कधीच कुणी सॉर्ब नव्हतं, हेही त्या यादीवरून सिद्ध होत नाही.

तुमच्या कामाचं काय?

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा. मी मोजतोय त्याचं एकक काय, आणि ते बदललं तर माझं 'दुर्मीळ' तसंच राहील का? माझा नमुना कुठल्या सालचा, आणि मधल्या काळात काय उलथापालथ झाली? जे दिसतंय ते निव्वळ योगायोगानं होऊ शकलं असतं का? आणि ज्यानं पुरावा गोळा केला त्याला कुठलं उत्तर हवं होतं?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये यातल्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नव्हतं. गाईडनी समासात लाल पेनानं एवढंच लिहिलं होतं, "म्हणजे नक्की काय मोजणार?" तो कागद अजून टेबलाच्या काचेखाली आहे.

आणि हो, ग्रंथालयात जाल तेव्हा तिन्ही स्पेलिंगं टाकून पाहा. मला हवं असलेलं पुस्तक 'नीत्चे'खाली सापडलं.