लाल रेघेचा बाजारभाव

१९७६ हे साल भारतात मलेरियाच्या बाबतीत फार वाईट गेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी देशातल्या रुग्णांचा वर्षाचा आकडा लाखाच्या आसपास आला होता. मलेरिया आता संपत आला, असं पुष्कळांना वाटत होतं. १९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांच्या वर गेला.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका सरकारी महामंडळानं एका शोधाविषयी आपलं मत पत्रानं कळवलं. मताचा सारांश असा : या शोधाचा लगेच काही व्यापारी उपयोग करता येईल, असं आम्हाला दिसत नाही.

या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे जुळला.

हा शोध केंब्रिजमधल्या सेसार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांचा होता. आपल्या शरीरात शिरलेल्या परक्या गोष्टीला पकडायला शरीर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. पण ती नाना तऱ्हेची आणि एकमेकांत मिसळलेली असतात. एकाच जातीचं, एकाच लक्ष्याला चिकटणारं प्रतिपिंड प्रयोगशाळेत हवं तेवढं बनवत राहण्याची युक्ती या दोघांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. शोधाचं पेटंट घ्यायचं का, हे ठरवण्याचं काम त्या महामंडळाचं होतं. पेटंट घेतलं गेलं नाही. काही वर्षांत अमेरिकेतल्या एका संस्थेनं याच तंत्रावर आधारलेली पेटंटं मिळवली आणि ब्रिटनमध्ये मोठी ओरड झाली. १९८४ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांना नोबेल मिळालं. तोवर या तंत्रावर एक आख्खा उद्योग उभा राहू लागला होता.

गरोदरपणाची घरगुती टेस्ट किंवा करोनाकाळातली रॅपिड टेस्ट तुम्ही पाहिली असेल. पट्टीवर एक रेघ उमटते नाहीतर दोन उमटतात. त्या रेघेच्या जागी अशीच एकजात प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. मलेरियाची पट्टीही याच तत्त्वावर चालते.

मी जैवतंत्रज्ञानातल्या पेटंटचे कागद वाचण्याचं काम करते. एखाद्या प्रयोगशाळेत रोगनिदानाची नवी टेस्ट तयार झाली की आमच्यापुढे दोन प्रश्न येतात. पेटंट मिळेल का? आणि बाजार केवढा आहे? म्हणून मला त्या महामंडळातल्या माणसांना हसता येत नाही. त्यांनी चुकीचे प्रश्न विचारले नव्हते. त्या दिवशी समोर दिसत होतं, तेवढ्यावरून त्यांनी उत्तर दिलं. मलेरियाच्या टेस्टचा इतिहास वाचताना मला वाटतं, परजीवींच्या रोगांत नेमकी हीच पद्धत फसते. कारण इथे आजारी पडणारा माणूस आणि टेस्टचे पैसे मोजणारा माणूस बहुतेक वेळा एक नसतो.

मलेरियाचा परजीवी पहिल्यांदा दिसला तो १८८० मध्ये, अल्जीरियात. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी एका सैनिकाच्या रक्तात तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १९०४ मध्ये जर्मनीत गुस्ताव गिम्झा यांनी रक्त रंगवण्याची पद्धत बसवली, आणि तीच थोड्याफार फरकानं आजही वापरतात. बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब पसरायचा, रंगवायचा आणि डोळे ताणून बघायचं. स्लाइड स्वस्त आहे आणि नीट वाचली तर उत्तमही आहे. अडचण ती वाचणाऱ्या माणसाची. तो प्रशिक्षित हवा, त्याच्याकडे वेळ हवा, आणि तो रुग्णापासून फार लांब नको.

खेड्यापाड्यांत तो लांबच होता. हिवतापाचा कर्मचारी घरोघर फिरून तापाच्या रुग्णांच्या स्लाइडी घ्यायचा, त्या आरोग्य केंद्रात जायच्या आणि निकाल यायला कित्येक दिवस लागायचे. तोवर काय करायचं, याचं उत्तर सोपं होतं : क्लोरोक्विनच्या गोळ्या. गोळी इतकी स्वस्त होती की ताप म्हटलं की ती दिली जाई. मग कुणी विचारेल, टेस्ट हवी कशाला? औषध टेस्टपेक्षा स्वस्त असेल तर टेस्टला बाजार नाही. हिशेब म्हणून हे अगदी बरोबर होतं.

१९८८ मध्ये ब्रिटनमध्ये गरोदरपणाची एका टप्प्यात होणारी पट्टी बाजारात आली. तिला गिऱ्हाईक होतं, तेही स्वतःच्या खिशातून पैसे देणारं. मलेरियाची पट्टी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली. अमेरिकेतल्या बेक्टन डिकिन्सन कंपनीनं 'पॅरासाइट-एफ' नावाची टेस्ट काढली. ती फाल्सिपॅरम या सर्वात घातक परजीवीचं एक प्रथिन रक्तात शोधत असे. प्रथिनाचं नाव एचआरपी-२. निवडीमागे कारणं होती : परजीवी ते भरपूर बनवतो, ते उष्णतेत टिकतं, आणि त्याच्या रचनेत तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येत असल्यानं प्रतिपिंडं त्याला अनेक ठिकाणी चिकटतात. त्यामुळे रेघ ठळक उमटते. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनंही याच प्रथिनावर टेस्ट काढली. अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या एका छोट्या कंपनीनं 'ऑप्टिमल' टेस्टसाठी वेगळं प्रथिन निवडलं. ते जिवंत परजीवीच बनवतो, त्यामुळे औषधानंतर रोग खरंच गेला का, हेही त्यावरून कळू शकतं.

टेस्ट चालत होत्या. तरी बेक्टन डिकिन्सननं पुढे आपली टेस्ट बंद केली. त्या काळी मला कुणी बाजाराचा अहवाल लिहायला सांगितला असता, तर मीही काय लिहिलं असतं? सैन्यदलं, उष्ण देशांत जाणारे श्रीमंत देशांतले प्रवासी, काही मोठी रुग्णालयं. रुग्ण कोट्यवधी, गिऱ्हाईक हजारांत.

मग बाजार कुठून आला? एका औषधाच्या अपयशातून. क्लोरोक्विनला परजीवी दाद देईनासा झाला. त्याच्या जागी आर्टेमिसिनिनवर आधारलेली जोड-औषधं आली, आणि त्यांची किंमत क्लोरोक्विनच्या कितीतरी पट होती. आता ताप आला की गोळी, हे परवडेना. शिवाय नवं औषध उधळलं तर तेही निकामी होईल, ही भीती होती. २००२ मध्ये एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी 'ग्लोबल फंड' सुरू झाला आणि गरीब देशांना खरेदीसाठी पैसा मिळू लागला. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की संशयित रुग्णाला औषध देण्याआधी शक्य तिथे तपासणी कराच. त्यानंतर २०२१ पर्यंत जगभरात सुमारे ३५० कोटी मलेरिया टेस्ट विकल्या गेल्या आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत गेल्या. ही मागणी कुठल्याही बाजार-सर्वेक्षणात सापडली नसती, कारण ती धोरणानं आणि अनुदानानं तयार केलेली होती.

या गोष्टीचं एक टोक आपल्या शेजारी, गोव्यात आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्युलिप समूहाची 'पॅराचेक' ही टेस्ट तयार होत असे. तीही एचआरपी-२वरच होती. २००१ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरच्या निर्वासितांमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी स्वस्त आणि भरवशाची म्हणून तिच्याविषयी लिहिलं, आणि पुढे ती आफ्रिकेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेस्टपैकी एक झाली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या पर्किनएल्मर कंपनीनं हा समूह विकत घेतला.

इथे पेटंटनं काय केलं? माझ्या धंद्यातल्या लोकांना आवडणार नाही, पण मला वाटतं, पहिल्या कंपन्यांना वाटलं असेल त्याहून पुष्कळ कमी. पेटंट ज्या देशात घेतलं त्या देशापुरतंच आणि वीस वर्षांपुरतं असतं. शिवाय एका टेस्टमध्ये अनेक पेटंटं गुंतलेली असू शकतात : प्रथिनाचं, प्रतिपिंडाचं, पट्टीच्या रचनेचं. भारतात तर पेटंट कायद्याच्या कलम ३(आय) नुसार रोगनिदानाच्या पद्धतीला पेटंटच नाही. किटला किंवा तिच्यातल्या नव्या घटकाला मिळू शकतं, पण 'असं तपासा' या कल्पनेला नाही. म्हणून परजीवीच्या टेस्टच्या बाबतीत एकट्या पेटंटच्या जोरावर बाजार राखता येईल असं मी लिहीत नाही. राखायचा असतो तो दर्जा.

दर्जाचं दुखणंही बाजारानंच आणलं. खरेदी टेंडरनं होते आणि सर्वात कमी दर भरणाऱ्याला, म्हणजे सरकारी ऑफिसांतल्या भाषेत 'एल-वन'ला, काम मिळतं. टेस्टची किंमत अर्ध्या डॉलरच्याही खाली गेली. गरिबांसाठी हे चांगलंच होतं. पण पट्टी तापलेल्या गोदामात महिनोन्महिने पडून राहिली, तर तिच्यावरची प्रतिपिंडं तग धरतात का, हे दरपत्रकात लिहिलेलं नसतं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'फाइंड' या जीनिव्हातल्या संस्थेनं बाजारातल्या टेस्टची एकाच मापानं परीक्षा सुरू केली. परजीवी भरपूर असलेल्या रक्तात बहुतेक टेस्ट पास झाल्या. थोडे परजीवी असलेल्या रक्तात मात्र काही उत्तम निघाल्या, काहींची रेघ क्वचितच उमटली. तोवर बाहेरून सगळ्यांची खोकी सारखीच दिसत होती.

त्याहून मोठा धक्का परजीवीनं दिला. २०१० मध्ये पेरूतल्या ॲमेझॉन भागातल्या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या काही फाल्सिपॅरम परजीवींमध्ये एचआरपी-२ बनवणारं जनुकच नाही. असा परजीवी अंगात असला, तर त्या प्रथिनावरची टेस्ट त्याला पाहूच शकत नाही. काही वर्षांनी एरिट्रियात एका रुग्णालयातल्या थोड्या नमुन्यांपैकी बहुतेकांमध्ये हेच आढळलं, आणि २०१६ मध्ये त्या देशानं फक्त एचआरपी-२ शोधणाऱ्या टेस्ट सोडल्या. जिथे टेस्ट बघूनच औषध दिलं जातं, तिथे टेस्टला न दिसणारा परजीवी औषधातून सुटतो आणि पसरतो. सगळ्या जगाचा भर एका प्रथिनावर होता, कारण त्याची रेघ सर्वात ठळक आणि स्वस्त होती. वेगळ्या प्रथिनावरच्या टेस्ट नव्वदच्या दशकापासून होत्या, पण टेंडरमध्ये त्या मागे पडल्या.

आणखी एक उदाहरण काळ्या आजाराचं, म्हणजे काला-आझारचं. हा मुख्यतः बिहार आणि आसपासच्या राज्यांतला रोग. आधी त्याच्या निदानासाठी प्लीहेत किंवा हाडाच्या मगजात सुई घालावी लागे. १९९८ मध्ये आरके-३९ या प्रथिनावरच्या पट्टीचे निष्कर्ष भारतीय रुग्णांवरून प्रसिद्ध झाले, आणि बोटाच्या थेंबावर निदान होऊ लागलं. २००७ मध्ये देशात या रोगाचे ४४ हजारांवर रुग्ण होते. २०२३ पर्यंत ते हजाराच्या आत आले. हे यश एकट्या पट्टीचं नाही, फवारणीचं आणि नव्या औषधांचंही आहे. पण 'बाजार केवढा' या रकान्यात काय लिहायचं, ते पाहा : टेस्ट यशस्वी झाली, तर दरवर्षी घटत जाणारा. कुठल्याही गुंतवणूकदाराला हा आलेख आवडणार नाही, आणि बिहारमधल्या कुठल्याही आईला तोच हवा आहे.

या सगळ्यामुळे माझ्या अहवालात दोन प्रश्नांच्या पुढे आता तिसराही असतो : ही टेस्ट चुकली, तर किंमत कोण मोजणार? त्यातून बाकीचे प्रश्न निघतात. टेस्ट एकाच प्रथिनावर उभी आहे का? उन्हात ठेवून पाहिली का? गिऱ्हाईक सरकार असेल तर टेंडरमध्ये दर्जाची अट कोण घालणार? रोग कमी झाल्यावर कारखाना चालू ठेवण्याचा खर्च कुणाचा?

गडचिरोलीतल्या एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात आशाताई तापलेल्या पोराचं बोट टोचते, थेंब पट्टीवर ठेवते आणि पंधरा-वीस मिनिटं थांबते. पेटंट कुणाचं, हे तिला ठाऊक असण्याची गरज नाही. फाल्सिपॅरमचा ताप काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, तर ती घरच्यांना सांगणार की मलेरिया नाही. तिचं ते वाक्य खरं निघावं, यासाठी कुणी किती पैसे दिले आणि कुणी तपासून पाहिलं, हेच या टेस्टचं खरं मूल्यमापन आहे.